मुराळ्यावाचूनचे माहेर

(मंडळाच्या महिला शाखेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ठरविताना महिला शाखेच्या चिटणीसबाईंनी आम्हांस एवढेच सांगितले, की 'आपल्या मुलींच्या उपयोगाचे काही बोला.' उपदेश करणे सोपे आणि उपयोगाचे बोलणे अवघड, हे आपण सर्व जाणता. म्हणून आम्ही एक अगदी लहान विषय निवडला आहे. तान्ह्या मुलाला घेऊन पहिल्यांदाच एकटीने विमानप्रवास करणाऱ्या आईला काय ठाऊक असावे, आणि तिच्या दोन्ही घरच्या माणसांनी तिच्यासाठी काय करावे, हा तो विषय होय. विषय लहान खरा. परंतु ज्यातील एखादी लेक अथवा सून बंगळूर, दुबई, लंडन किंवा न्यू जर्सी येथे नांदत नाही, असे घर आज आपल्या ज्ञातीत विरळाच. बाळंतपण तिकडे होते, नवऱ्याला रजा मिळत नाही, आणि 'नातवंड कधी दाखवतेस?' हा प्रश्न इकडून दर आठवड्यास जातो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा प्रवास.

पूर्वी आपल्याकडे सासुरवाशिणीने एकटीने माहेरी जाण्याची रीत नव्हती. तिला नेण्यास मुराळी येई. भाऊ, चुलता, नाहीतर घरचा जुना विश्वासू गडी. तो गाडी जुंपून आणी, पोराला खांद्यावर घेई, ओढ्याकाठी दशम्या सोडी, आणि माहेरच्या दारात मायलेकरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला जाईपर्यंत आपली जबाबदारी संपली असे मानीत नसे. या रीतीच्या मागे स्त्रीच्या परावलंबनाची बाजू होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण तीत एक शहाणपणही होते. तान्ह्या मुलाच्या आईचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून वाटेत तिच्याजवळ आणखी दोन हात असावेत, हे ते शहाणपण. आज मुंबईच्या सहार येथील विमानतळावर तिकीट नसलेल्या माणसास साधारणतः दरवाजापाशीच थांबावे लागते. मुराळी तेथे संपतो. मग त्याची कामे कोणी करावयाची, याचा आपण क्रमाने विचार करू.

मुराळ्याचे पहिले काम वाट ठाऊक असणे हे होते. आजची वाट कागदांतून जाते. परदेशप्रवासात तान्ह्या मुलासही स्वतंत्र पारपत्र लागते. आईच्या पारपत्रात मुलाचे नाव घालून भागविण्याचा काळ गेला. भारतीय पारपत्र लहान मुलास साधारणतः ५ वर्षांसाठी मिळते, आणि त्याच्या अर्जास आईवडील दोघांची संमती मागतात. ज्या मुलाचे पारपत्र परदेशी आहे त्याला भारतात येण्यासाठी व्हिसा अथवा स्वतःचे ओसीआय कार्ड लागते. आईजवळ असलेले कार्ड मुलाच्या कामी येत नाही. देशातल्या देशात जाताना पारपत्र नको, पण मूल २ वर्षांच्या आतील आहे हे दाखविण्यास जन्मदाखला जवळ हवा. २ वर्षांच्या आतील मूल आईच्या मांडीवर बसून जाऊ शकते, आणि एका मोठ्या माणसाला असे एकच मूल मांडीवर नेता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचे भाडे बहुधा मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दशांशाच्या आसपास असते. जाताना २३ महिन्यांचे असलेले मूल परतण्यापूर्वी २ वर्षांचे होणार असेल, तर परतीच्या वेळी त्याच्यासाठी वेगळे आसन घ्यावे लागते. ही गोष्ट तिकीट काढण्यापूर्वीच ध्यानात घ्यावी.

आता एका नाजूक कागदाविषयी. परदेशात एकटी आई मूल घेऊन निघते तेव्हा सीमेवरील अधिकारी कधी कधी विचारतो, 'मुलाचे वडील कोठे आहेत? त्यांना हे ठाऊक आहे काय?' हा प्रश्न ऐकून पुष्कळ मुलींस अपमान झाल्यासारखे वाटते. तसे वाटून घेऊ नये. आईवडिलांपैकी एकाने दुसऱ्याच्या नकळत मूल परदेशी नेण्याचे प्रकार जगभर घडतात. ते आवरण्यासाठी १९८० साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करारही झाला. त्या करारात भारत सामील झालेला नाही, त्यामुळे भारताकडे निघालेल्या मुलाविषयी कोणी अधिक बारकाईने विचारले तर नवल मानू नये. यावर उपाय साधा आहे. मुलाच्या वडिलांनी प्रवासाच्या तारखा घालून, सही करून, शक्य तर नोटरीसमक्ष केलेले संमतिपत्र द्यावे. कॅनडाचे सरकार तर असे पत्र जवळ ठेवण्याची स्पष्ट शिफारस करते. आईने लग्नानंतर माहेरचे आडनाव ठेवले असेल आणि मुलाचे आडनाव वडिलांचे असेल, तर दोघांचे नाते सांगणारा जन्मदाखला वरच्या कप्प्यातच असू द्यावा. ज्या भगिनी विधवा आहेत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी मृत्यूचा दाखला अथवा मुलाचा ताबा सांगणारा न्यायालयाचा हुकूम बरोबर ठेवावा. अशा भगिनींच्या कागदांची विचारपूस करून त्यांना मदत करणे हे काम आपल्या मंडळाने पुढे होऊन करावे. त्यांनी मागण्याची वाट पाहू नये.

मुराळ्याचे दुसरे काम वाटेत बाळाला जपणे. त्यासाठी विमानातली हवा कशी असते हे समजून घेतले पाहिजे. विमान ३५,००० फुटांवर उडत असले तरी आतील हवा यंत्राने दाबलेली असते, आणि तो दाब साधारणतः ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावरील हवेइतका असतो. आपले कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे आपण बाळाला कळसूबाईहूनही उंच नेऊन काही तास तेथे ठेवतो. निरोगी, पुऱ्या दिवसांच्या मुलास ही उंची सहज सोसते. परंतु मूल अपुऱ्या दिवसांचे असेल, किंवा त्याला हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून तिकीट काढू नये.

बाळ रडते ते बहुधा विमान उतरताना. त्याचे कारण असे, की घशापासून कानाच्या आतल्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी जाते. विमान खाली येऊ लागले म्हणजे आतील हवेचा दाब वाढतो, कानाचा पडदा आत ढकलला जातो, आणि ती नळी उघडल्यावाचून दोन्हींकडचा दाब सारखा होत नाही. मोठी माणसे आवंढा गिळतात, जांभई देतात. बाळाला हे सांगणार कोण? लहान मुलाची ही नळी अरुंद असते, म्हणून त्याला ठणका अधिक लागतो. परंतु अंगावर पिताना किंवा बाटली चोखताना बाळ आपोआप गिळत असते आणि नळी उघडते. तेव्हा विमान चढताना, आणि विशेषतः उतरू लागताना, बाळाला पाजावे. हे उतरणे जमीन दिसण्याच्या पुष्कळ आधी, सुमारे अर्धा तास अगोदर, सुरू होते. पोटभर पाजून बाळाला शांत ठेवण्याची घाई अर्ध्या वाटेत केली, तर नेमक्या वेळी ते तोंड फिरविते. सर्दीने कान दुखत असेल तर प्रवास पुढे ढकलता येतो का, हे पाहावे. विमानातील हवा फार कोरडी असते. म्हणून एरवीपेक्षा थोडे अधिक वेळा पाजावे, आणि आईने स्वतःही पाणी पीत राहावे.

पुष्कळ मुलींना दुधाविषयी चिंता असते. २००६ सालापासून विमानात हाती न्यावयाच्या द्रव पदार्थांवर १०० मिलिलिटरची मर्यादा अनेक देशांत आली. पण बाळाचे दूध, पाणी व आहार वाटेत लागेल त्या प्रमाणात नेण्याची सवलत सामान्यतः असते. तपासणीच्या जागी ते वेगळे काढून दाखवावे लागते. बाळाला झोळीतून किंवा बाबागाडीतून काढून कडेवर घ्यावे लागते, आणि गाडी यंत्रातून जाते. एका हाताने घडी होणारी गाडी आणि एका हाताने उघडणारी पिशवी, हे दोन गुण सामान विकत घेताना पाहावेत. कारण तेथे दुसरा हात मिळत नाही.

येथे एक गोष्ट आम्ही जरा आवाज चढवून सांगणार आहो. बाळाने रडू नये म्हणून त्याला गुंगीचे औषध देण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी आणि मैत्रिणी दोघीही देतात. हा मोह नवा नाही. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आया कामावर जाताना तान्ह्यांना अफूची 'बाळगोळी' देत असत. त्या काळच्या पाहण्यांत याची नोंद आहे. त्या माउल्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही, कारण त्यांच्या मुलाजवळ बसण्यास दुसरे कोणी नव्हते. परंतु आज सर्दीच्या औषधाच्या नावाखाली तेच करणे योग्य नव्हे. २ वर्षांच्या आतील मुलांना दुकानात मिळणारी सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली दिला आहे. अशा औषधाने काही मुले झोपण्याऐवजी उलट अधिक चेकाळतात. आणि आकाशात श्वास मंदावला तर डॉक्टर कोठून आणावयाचा? बाळ रडले तर रडू द्यावे. लोकांच्या चार कपाळावरच्या आठ्या ही काही मोठी किंमत नव्हे.

देवीगोवराच्या काळातील भय आपण विसरलो आहो. पैकी देवी गेली, गोवर मात्र गेलेला नाही. भारतात गोवराची पहिली लस ९ व्या महिन्यानंतर देतात. परदेशातून येणाऱ्या ६ महिन्यांवरील मुलास प्रवासापूर्वी ती लवकर द्यावी, असे अमेरिकेतील आरोग्यखाते सांगते. तिकिटाची तारीख ठरविण्यापूर्वी बाळाच्या डॉक्टरांची तारीख घ्यावी, हे बरे.

मुराळ्याचे तिसरे काम रक्षण. या बाबतीत आपल्या समजुती थोड्या तपासून पाहणे अगत्याचे आहे. आईची मांडी ही जगातील सर्वांत सुरक्षित जागा, असे आपण मानतो. विमानात ते नेहमीच खरे नसते. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे एका मोठ्या विमानास अपघात झाला. आसन नसलेली चार लहान मुले त्यात होती. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे आयांना सांगण्यात आले, की मुलांना पायांशी जमिनीवर ठेवून धरून बसा. त्यांपैकी एक मूल दगावले. ज्यांनी ती सूचना दिली त्या मुख्य विमानसेविका जॅन ब्राऊन स्वतः वाचल्या, आणि प्रत्येक मुलास स्वतंत्र आसन असावे यासाठी त्यांनी पुढे अनेक वर्षे झगडा केला. अमेरिकेने तसा कायदा केला नाही. तेथील प्रशासनाचे म्हणणे असे, की आसनाची सक्ती केल्यास खर्च परवडत नाही म्हणून कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्त्यावर अधिक मुले दगावतील. मात्र शक्य असेल त्यांनी मुलासाठी आसन घेऊन त्यावर मान्यताप्राप्त बालखुर्ची बांधावी, अशी त्यांचीही शिफारस आहे.

आम्ही कोणास घाबरवीत नाही. असे अपघात अत्यंत विरळ. परंतु हवेच्या हिसक्यांनी विमान अकस्मात हादरणे तितके विरळ नाही, आणि त्या वेळी कोणत्याही आईचे हात पुरे पडत नाहीत. म्हणून परवडत असेल तर आसन घ्यावे. आम्हांस विचाराल, तर नातवाच्या सोन्याच्या वाळ्यांपेक्षा आजोबांनी हे आसन द्यावे. परवडत नसेल, तर निदान इतके पाळावे. आपल्या पट्ट्याच्या आत मुलास कधीही घेऊ नये. झटका बसला तर आईच्याच अंगाचा भार त्याच्यावर येतो. अनेक देशांतील विमानांत मुलासाठी आईच्या पट्ट्यास जोडण्याचा छोटा पट्टा देतात. अमेरिकेच्या नियमांत तो मान्य नाही. लांबच्या विमानांत पुढच्या भिंतीस अडकविण्याचा पाळणा मिळतो, पण त्यास वजनाची मर्यादा असते, तो आधी सांगून ठेवावा लागतो, आणि विमान हादरू लागले की बाळाला त्यातून उचलून घ्यावे लागते. आमच्याच घरातील एका मुलीने पाळण्याची जागा दोन महिने आधी सांगितली होती, तरी आयत्या वेळी ती दुसऱ्यास दिलेली आढळली. तिने तोंडी आश्वासनावर न राहता लेखी उत्तर जवळ ठेवले होते, म्हणून जागा परत मिळाली. कागद बोलतो, तेव्हा आवाज चढवावा लागत नाही.

विमान सुटण्यापूर्वी प्राणवायूच्या मुखवट्याविषयी सांगतात, ते सर्वांनी ऐकलेले असते आणि फार थोड्यांनी ध्यानात घेतलेले असते. मुखवटा आधी स्वतःला, मग मुलाला. ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर शुद्ध आणि हातांतली हुशारी अर्ध्या ते एक मिनिटातच जाते. आईने आधी मुलाकडे धाव घेतली आणि तीच मध्ये कोसळली, तर मुलाला कोण वाचविणार? आपल्या घरांतून आईने सर्वांचे झाल्यावर उरलेले खावे, सर्वांचे दुखणे काढून मग आपले पाहावे, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. या एका ठिकाणी ती शिकवण मुलाच्या जिवावर बेतेल. आमच्या मते ती जमिनीवरही तपासून पाहण्याजोगी आहे. प्रवासाच्या आदल्या रात्री जागून सर्वांसाठी भेटवस्तू बांधणारी आई दुसऱ्या दिवशी बाळाला काय सांभाळणार?

मुराळ्याचे चौथे काम लोकांशी बोलणे. १९३० साली अमेरिकेत एलन चर्च नावाच्या पहिल्या विमानसेविका कामावर रुजू झाल्या, त्या शिकलेल्या परिचारिका होत्या. त्यामुळे विमानसेविकेने मूल सांभाळावे अशी अपेक्षा पुष्कळांच्या मनात असते. परंतु तिचे मुख्य काम प्रवाशांची सुरक्षितता हे आहे; मूल कडेवर घेऊन हिंडणे हे नव्हे. दूध कोमट करून देणे, रिकाम्या जागा कोठे आहेत ते सांगणे, मूल बदलण्याची फळी कोणत्या शौचगृहात आहे ते दाखविणे, ही मदत ती आनंदाने करते. पण मागितली पाहिजे. शौचास जाताना मूल कोठे ठेवावे, हा एकट्या आईचा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यास मुली लाजतात. लाजू नये. चढताच शेजारच्या प्रवाशास नाव सांगावे, दोन शब्द बोलावे. वाटेत लागणाऱ्या मदतीची ही पूर्वतयारी होय.

आणि जे आपण प्रवासी म्हणून शेजारी बसतो, त्यांचेही काही कर्तव्य आहे. आपली ज्ञाती ओळख विचारण्यात मोठी तरबेज. 'आपण कोणाकडच्या?' हे विचारण्यापूर्वी 'ती पिशवी वर ठेवू का?' असे विचारावे. वर ठेवलेले सामान खाली काढून देणे, ती जेवेपर्यंत बाळाशी खेळणे, यांस ज्ञाती लागत नाही. ज्याला कोणी परका माणूस मुराळी म्हणून लाभला असेल, त्याने ती उतराई अशीच कोणा परक्या मुलीजवळ करावी.

शेवटचे आणि सर्वांत मोठे काम दारातील माणसांचे. आमच्या मते या प्रवासातील पुष्कळ त्रास विमानात उत्पन्न होत नाही, तो घरात उत्पन्न होतो. बाळ सहा महिन्यांचे होते, उष्टावणाचा मुहूर्त निघतो, हॉल ठरतो, दोनशे पाने सांगितली जातात, आणि मग मुलीला कळविले जाते, 'अमुक तारखेस ये.' तिला रजा कोणत्या आठवड्यात, बाळाला लस कधी, त्याला दात येत आहेत काय, याचा विचार मुहूर्तात कोठेच नसतो. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्या घड्याळांत ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. शरीर नव्या वेळेस वळते ते साधारणतः दिवसाला एखाद तासाच्या गतीने. म्हणजे पंधरा-सोळा तास आकाशात बसून आलेली आई आणि तिचे मूल यांची रात्र पुढे आठवडाभर तरी दिवसा असते. अशा वेळी आल्याच्या तिसऱ्या दिवशी भरजरी झबले घालून त्याला दोनशे जणांच्या हातांतून फिरविणे यात प्रेम असेल, पण विचार नाही. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करावे, हे आधुनिक वैद्यकही सांगते, आणि ते अन्न त्याला त्याच्या घरी मिळतच असते. तेव्हा उष्टावणाचा समारंभ सातव्या महिन्यात, आठव्या महिन्यात, मायलेकरांची झोप जमल्यावर करावा. मुहूर्त माणसांसाठी आहे.

आणि आजीआजोबांना आमचे एक विचारणे आहे. ज्यांची प्रकृती ठीक आहे, त्यांनी प्रत्येक वेळी मुलीनेच यावे असे का म्हणावे? आपण उलट दिशेचे मुराळी का होऊ नये? अमेरिकेत काही विमानकंपन्या, मदतीची गरज असलेल्या प्रवाशाबरोबर एका माणसास विमानाच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना देतात. जावयाने तो तिकीटखिडकीवर आधीच मागावा. येथे आपण चौघांनी फुलांचा गुच्छ घेऊन उभे राहण्याऐवजी एकाने गार पाणी व बाळाच्या अंगावर घालण्यास मऊ धुतलेला कपडा घेऊन यावे, आणि मोटारीत बाळखुर्ची आधीच बांधून ठेवावी. विमानात कसोशीने जपलेले मूल घरच्या मोटारीत मांडीवर बसवून नेणे हे शहाणपणाचे नव्हे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली, ज्या शहरांतून आपले सभासद राहतात, तेथील कोण मध्यंतरी विमान बदलणाऱ्या अथवा नव्याने उतरणाऱ्या मायलेकरांस मदतीस येऊ शकेल, याची यादी महिला शाखेने करावी आणि ती फक्त विश्वासाने मागणाऱ्यास द्यावी. दुसरी, चार-पाच बालखुर्च्या व घडीचे पाळणे मंडळाने विकत घेऊन ठेवावेत. महिनाभरासाठी आलेल्या मुलीने त्या घेऊन जाव्यात व धुऊन परत कराव्यात. ज्या काळी मुंबईत कोणाचे कोणी नव्हते, त्या काळी आपल्या वाडवडिलांनी वर्गणी काढून ज्ञातिगृहे उभारली आणि गावाकडून आलेल्या विद्यार्थ्यास चटई टाकण्यापुरती जागा दिली. त्याच वृत्तीचे हे आजचे रूप होय, आणि खर्च तर त्याच्या शतांशही नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा विमानाने जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा विमानात ते एकटे होते. त्या एकटेपणाला देशाने धाडस म्हटले, आणि ते योग्यच होते. आपली मुलगी थैलीऐवजी जिवंत गाठोडे छातीशी धरून तिच्या दहापट अंतर ओलांडून येते. तिला आपण 'एकटीने आलीस? बाई, तुझी कमाल!' असे म्हणून मोकळे होतो. कौतुक अवश्य करावे. परंतु कौतुक हे सोबतीची जागा घेऊ शकत नाही. ती निघण्यापूर्वी तिचे कागद पाहावेत, तिच्या तारखा तिला ठरवू द्याव्यात, आणि उतरल्यावर बाळाला नव्हे, तर आधी तिला विचारावे, 'तू जेवलीस का?'